तिसऱ्यांदा विचारा

न्वे यिनला तोंडावर नाही म्हणेल असा ब्रह्मी माणूस डेन्मार्कात अजून जन्मायचाय. एस्बिएर्ग बंदरात ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुते. पण मायदेशी, ब्रह्मदेशातल्या मिंजानला, अर्धं आयुष्य तिनं पोरांना शिकवलंय. त्यामुळे टक्कल पडलेले बाप्येसुद्धा तिला 'सयामा', म्हणजे बाई, अशीच हाक मारतात आणि ती आली की खुर्चीवरून उठतात.

आम्हा ब्रह्मी लोकांना एक जन्माचं दुखणं आहे: भीड. आमच्यात त्याला आ-ना म्हणतात. समोरच्याला आपल्यापायी त्रास होईल या विचारानंच आमचा जीव अर्धा होतो. पाहुण्याला वाढायला गेलात तर तो नको म्हणणार, दुसऱ्यांदाही नको, आणि तिसऱ्यांदा ताट पुढं करणार. तिकडं मायदेशी फौजेनं सत्ता बळकावली तेव्हा या दुखण्यालाच न्वे यिननं कामाला जुंपलं. ती पत्रकं वाटत बसली नाही. एकेकाच्या घरी जायची, समोर आलेला लाफेट, आमचा तो मुरवलेला चहाचा पाला, मजेत खायची आणि उठता उठता म्हणायची, "शनिवारी चौकात निदर्शनांना यायचंय." भिडेपोटी सगळे हो म्हणत. हा होकार किती पाण्यात आहे हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून शनिवारी सकाळी स्वारी परत दारात हजर. "आवरा सावकाश. मी थांबते इथंच, पायरीवर."

आता सयामाला पायरीवर ताटकळत ठेवायची कुणाची छाती आहे? चौक भरायचा. पुढं पुढं तर डेनिश लोकही यायला लागले, फौजेच्या निषेधाची तीन बोटं वर करून आमच्या घोषणा द्यायला लागले. उच्चार असे की हसून पोट दुखावं, पण यायचे.

अशात एक दिवस धाकट्या बहिणीचा, चो म्याचा, फोन आला. चो म्या अजून मिंजानलाच. काही हवंय का विचारलं की ती कधी हो म्हणाली नाही. घरावरचं छप्पर जळलं तेव्हासुद्धा "आमचं बरं चाललंय" एवढंच. त्या दिवशी मात्र नमस्कार-चमत्कार न करता, नुसती 'अमा', म्हणजे ताई, अशी हाक मारून सरळ म्हणाली, "अमा, इथलं सागवान फौज ट्रकवर ट्रक भरून नेतेय. श्रीमंतांच्या बोटींच्या डेकसाठी. तुमच्या बंदरात उतरणार म्हणतात. उतरू देऊ नकोस. त्याच पैशाच्या गोळ्या येतात गं आमच्यावर."

बहिणीनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तेही पहिल्याच फटक्यात.

मग बाई गोदी कामगारांच्या मागंच लागली. त्यांच्या प्रत्येक संपात ती मोहिंग्याचं, म्हणजे माशाच्या रश्शातल्या आमच्या शेवयांचं, भलंमोठं पातेलं घेऊन उभी. त्यांचा पुढारी प्रेबेन म्हणजे दारात मावणार नाही असा गडी. रविवारी तो तिच्याकडं जेवायला आला. आणखी वाढू का असं एकदा विचारताच "हो" म्हणाला, दोन्ही वेळा. न्वे यिनला त्याचं हसू आलं, पण त्यातून घ्यायचा तो धडा काही तिनं घेतला नाही.

वाडगा पुसून प्रेबेन म्हणाला, "जहाज बुधवारी लागतंय. त्या लाकडाला आम्ही हात लावू नये, असं तुला वाटतं का?"

ज्यासाठी एवढा अट्टाहास केला तो प्रश्न समोर आला होता. आणि बाई काय बोलली? "छे छे! आमच्यापायी तुम्हाला कशाला त्रास? इतकं करता तेच पुष्कळ आहे."

"बरं," प्रेबेन म्हणाला. वाडगा धुऊन ठेवला, कोट चढवला आणि निघून गेला.

मासळीच्या कारखान्यातला को तेत शेजारीच बसला होता. त्यानं कपाळावर हात मारला. "सयामा! तुम्ही नाही म्हणालात!"

"मी कुठं नाही म्हणाले? ते पहिलं नाही होतं."

"अहो, त्यांच्यात पहिलंच नाही असतं! दुसरं नसतंच!"

"येईल तो परत विचारायला."

"कोण? प्रेबेन? तो आता थेट नाताळात येईल, मोहिंगा खायला."

न्वे यिनचा चेहरा उतरला. गावभरच्या भिडेवर स्वार झालेली बाई स्वतःच्याच भिडेखाली चिरडली गेली होती. तिला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला, स्वतःचाच. "ऊठ," ती म्हणाली. "उद्या त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत जायचं."

सोमवारी लॉन्ड्रीच्या पांढऱ्या कपड्यांतच ती गोदीच्या कँटीनमध्ये शिरली. प्रेबेन चकित झाला. "तूच म्हणालीस नको. मी विषय मिटवून टाकला."

"आणि कोर्टानं दंड ठोकला तर तो काय ही बाई भरणार?" मागून एकजण ओरडला.

"नाही, तुम्हीच भराल," न्वे यिन म्हणाली. "म्हणून तर काल माझ्या तोंडातून हो निघेना. ऐका. आमच्यात पहिलं नाही म्हणजे नाही नव्हे. दुसरंही नव्हे. माणसानं तीनदा विचारायचं असतं. या तुमच्या प्रेबेननं एकदाच विचारलं. दोन वेळा बाकी आहेत."

कँटीनमध्ये हशा पिकला. प्रेबेन डोकं खाजवत उभा राहिला. "ठीक आहे. त्या लाकडाला आम्ही हात लावू नये, असं तुला वाटतं का?"

"छे, तुम्हाला कशा..." सवयीनं निघालंच तोंडातून. तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. मघाचा तो ओरडणाराही खो खो हसत सुटला.

प्रेबेन मात्र आता हसत नव्हता. "तिसऱ्यांदा विचारतो, न्वे यिन. लावू नये?"

तिला चो म्याचा आवाज आठवला. शब्द खणखणीत आला. "हो. हात लावू नका. तुम्हाला त्रास होईल हे मला माहीत आहे, आणि तरी मी मागतेय."

प्रेबेननं मत घेतलं, हात वर झाले. सगळे नाही झाले, पण पुरेसे झाले. जहाज बुधवारी आलं, धक्क्याला नुसतंच उभं राहिलं आणि पोटातलं सागवान पोटातच घेऊन निघून गेलं.

न्वे यिननं लॉन्ड्रीतूनच फोन लावला. "चो म्या, उतरलं नाही गं."

पलीकडं बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग चो म्यानं विचारलं, "अमा, तुला फार त्रास झाला का?"

"नाही गं."

"खरंच नाही?"

"छे! कसला त्रास?"

"अमा, त्रास झाला का?"

न्वे यिननं धुतलेल्या चादरींच्या ढिगाऱ्यावर बसकण मारली. "झाला," ती म्हणाली. "लोकांपुढं हात पसरताना जीव गेला माझा." आणि कपाळावरचा घाम पुसून म्हणाली, "आता पुढचं सांग. आणखी कुठं उतरतंय ते लाकूड?"