मावशीचा पांघरुणातला लॅपटॉप

मावशी भित्री आहे, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अर्धा जिना उतरून ती परत वर जाते, गॅस बंद आहे का बघते, कुलूप ओढून बघते आणि मग मलाही ओढून बघायला लावते. मी तिला चिडवते, "अगं, चोर यायच्या आधी तूच ते कुलूप तोडशील." पण गेल्या वर्षी तिची सगळी भीती एकाच वस्तूवर येऊन बसली आणि माझी चेष्टा बंद झाली.

ती वस्तू म्हणजे तिचा लॅपटॉप. मावशी इमारतींचे नकाशे काढते. काका अंथरुणाला खिळल्यापासून घरूनच काढते आणि घर त्यावरच चालतं. एक दिवस पडद्यावर रंगीत उभ्या रेघा आल्या आणि सगळं काळं झालं. तेव्हा रखडलेलं काम ऑफिसने दुसऱ्या कुणाला दिलं, ते परत आलंच नाही. पुन्हा असं झालं तर उरलेलंही जाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

कुणीतरी तिला युक्ती सांगितली होती. चालू लॅपटॉप पांघरुणात घट्ट गुंडाळायचा, चांगला तापला की तो परत जागा होतो. तापाने फणफणलेल्या पोराला गुंडाळावं तसं ती त्याला गुंडाळायची. एकदा जागा झाला की मग तो बंद म्हणून करायची नाही. उठलाच नाही तर? पंख्याची घरघर जरा बदलली की तिचा हात जागच्या जागी थांबायचा.

मग कळलं की दोष त्या मॉडेलच्या ग्राफिक्स चिपमध्येच आहे. वॉरंटी संपलेल्यांनाही कंपनी ती चिप बसवलेला मुख्य बोर्ड फुकट बदलून देत होती, पण ठरावीक तारखेपर्यंतच. मावशी आज जाऊ उद्या जाऊ करत राहिली. शेवटच्या दिवशी लॅपटॉपने पुन्हा मान टाकली, तेव्हा मी तिला अक्षरशः ओढत सर्व्हिस सेंटरला नेलं.

काउंटरवरच्या इंजिनिअरने तपासणी लावली. पडदा लख्ख.

"मशीन ठणठणीत आहे, मॅडम. दोष समोर दिसल्याशिवाय मला बोर्ड बदलता येत नाही."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. निघण्यापूर्वी नकाशांची कॉपी काढायला तिने लॅपटॉपला पांघरुणात घालून उठवलं होतं. तिने हे सांगितल्यावर इंजिनिअरने कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुम्ही पेशंटला बरा करूनच आणलात." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "आमची सिस्टीम संध्याकाळी बंद होईल. तोपर्यंत हा बंद करा, एसीखाली थंड होऊ द्या, परत चालू करा. असं करत राहा. बिघडायचा असेल तर असाच बिघडेल."

मावशीने बटणावर बोट ठेवलं आणि परत उचललं. "तू दाब," ती मला म्हणाली. मग लगेच, "नको, मीच दाबते."

लॅपटॉप थंड व्हायचा, चालू व्हायचा आणि शहाण्यासारखा चालायचा. इतके दिवस तो चालावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली मावशी आता तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, "मर रे मेल्या एकदाचा." मला हसू येत नव्हतं. बाकीचे काउंटर आवरायला लागले होते.

आणि रेघा आल्या. मावशीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

इंजिनिअरने लगबगीने फोटो काढला, नोंद केली आणि नवा बोर्ड आणला. तो स्क्रू पिळत असताना मावशीने विचारलं, "ह्याच्यातली चिप वेगळी आहे ना?"

त्याने मान वर केली नाही. "या मॉडेलला तीच बसते, मॅडम."

"म्हणजे हीसुद्धा जाईल?"

"कुणाची जाते लवकर. कुणाची चालते."

"आणि गेली तर?"

"ती सवलत आजपर्यंतच होती."

मावशीने पिशवीची चेन लावली, उघडली, परत लावली. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "काकांना सांग, नवीन बसवलंय. आता काळजी नाही."

मी तसंच सांगितलं. काका हसले आणि म्हणाले, "चला, सुटलो." मला त्यांच्याकडे बघवेना.