चिन्नाचे बुढे

चिन्ना मडावी काहीही पिण्याआधी त्यातलं थोडं जमिनीवर सांडायचा. पाणी असो की चहा, पहिले दोन थेंब त्याच्या पूर्वजांचे. चांद्याच्या आमच्या वसतिगृहात त्याच्या खाटेखाली कायम मुंग्या असत. मी कुरकुरलो की तो शांतपणे म्हणे, "पयले बुढ्याईले, मंग आपल्याले." भामरागडकडच्या जंगलातून कॉलेजात आलेला हा पहिलाच गडी, आणि खोलीत नेमका माझ्या वाट्याला आला.

गॅदरिंगच्या संध्याकाळी वसतिगृहामागे मोहाच्या दारूची बाटली फिरे. दोन घोट न घेता स्टेजवर चढणारा आम्हा पोरांत भित्रा ठरे. त्या वर्षी नाटकात मी म्हातारा पाटील होतो आणि स्टेजला जाम भ्यालो होतो. त्यात गोंडपिपरीहून बाबा नाटक बघायला येणार होते. "तोंडाले वास आला तं कॉलेज बंद, नांगर सुरू," असं त्यांनी बजावलेलं. तरी मी पिणारच होतो. चिन्नाला हे सगळं ठाऊक होतं.

बाटली आली तशी चिन्नानं ती ओढून घेतली. "बुढ्याईचं झाल्याबिगर कोनी तोंड लावाचं नाई." उकिडवा बसून तो ओतू लागला. आजा, पणजा, वाघानं नेलेला काका. एकेकाचं नाव घेऊन एकेक धार. मेलेल्या माणसांच्या मध्ये बोलायची कुणाची छाती होईना. "हे आत्याबाई. इले जरा जास्त लागते," म्हणत त्यानं अर्धी बाटली रिती केली. मी चमकलो. आत्याबाईंनी गेल्याच आठवड्यात आम्हाला मध पाठवला होता.

"तुये बुढे सरत नाई का बे?" एकानं रडवेला होऊन विचारलं.

"बुढे कसे सरन? दारू सरते," चिन्ना म्हणाला आणि रिकामी बाटली त्याच्या हातात दिली.

मी कोरडाच स्टेजवर गेलो. पाय लटपटत होते, आवाज कापत होता. लोकांना वाटलं, पोरानं म्हातारा काय हुबेहूब उभा केला. टाळ्यांवर टाळ्या पडल्या. नाटक संपल्यावर बाबांनी कधी नव्हे ते मला छातीशी धरलं. त्यात माया किती आणि हुंगणं किती, ते तेच जाणोत. सोडताना म्हणाले, "शीक आता, लागन तेवढं."

खोलीवर आल्यावर मी चिन्नाला विचारलं, "आत्याबाईले काऊन मारलं बे?"

"तिले सांगून देईन. हासन ते." मग खाटेवर आडवा होत म्हणाला, "आमच्याइकडं सारे मिळून खुशीनं पेते. तू भेवानं पेऊन राह्यला होता. भेवाले एक डाव पाजलं, का ते रोज मांगते."

चिन्ना जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिण्याचे प्रसंग पुढेही पुष्कळ आले, आणि मी भ्यालोही भरपूर. पण भीतीला कधी पाजलं नाही.