शिळं पाणी आणि अक्का

लग्न होऊन जळगावात आले, तेव्हा शेजारच्या अक्कांनी पहिल्याच भेटीत मला अर्धा पेला पाणी दिलं. मनात म्हटलं, काय चिक्कू बाई आहे! "पुरलं नाही तर अजून माग. पण उरलेलं मोरीत ओतायचं नाही," अक्का म्हणाल्या.

अक्का धुळ्याकडच्या. एरवी आमच्यासारखीच मराठी बोलायच्या, राग आला की अहिराणी सुरू. आणि राग यायला एक गळका नळ पुरायचा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपडे विसळलेलं संडासात, फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं लादी पुसायला. आम्ही हौसेनं शॉवर बसवला, तर बघायला आल्या. म्हणाल्या, "छान आहे हो. बादलीनं अंघोळ झाली की बघत बसा त्याच्याकडे."

खरं भांडण शिळ्या पाण्याचं. आमच्याकडे नळ दोन-तीन दिवसांआड यायचा. त्या दिवशी सकाळीच आम्ही बायका भरलेली पिंपं पालथी घालायचो. ताजं येणार, मग शिळं कशाला? अक्का ओट्यावरून ओरडायच्या, "पानी काय भाकर शे का, शियं व्हवाले?" आम्ही खुशाल हसायचो.

माझ्या लेकीच्या बारशालाही तेच केलं. पिंपं घासूनपुसून ठेवली आणि नळ आलाच नाही. पाइपलाइन फुटली होती. टँकर संध्याकाळशिवाय नाही. माझ्या माहेरची माणसं पाचोऱ्याहून निघालेली. सासूबाई रडकुंडीला आल्या, "व्याह्यांना पाणीसुद्धा नाही! काय तोंड दाखवू?"

अक्का दारात आल्या. "बठ्ठं फेकी दिन्हं ना?" एवढंच म्हणाल्या आणि आपली भरलेली पिंपं आम्हाला उघडून दिली. पंगतीत पाणी वाढायलाही त्याच. माझ्या मामांनी पेला पुढे केला, तर अर्धाच भरला. "प्या हो, मी इथंच उभी आहे." मामा मुद्दाम मागत राहिले, अक्का वाढत राहिल्या. हसून हसून पुरेवाट! बारसं झोकात झालं.

पाहुणे गेले तेव्हा एकच बादली उरली होती. घामानं बाळ किरकिरत होतं. मी ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं, तर अक्कांनी फडकं काढून घेतलं. पाणी कोमट केलं, पाय लांब करून बसल्या, बाळाला पायांवर घेतलं आणि तांब्यावर तांब्या ओतायला लागल्या.

"अक्का, जपून! संपेल ना!"

अक्का आता नाहीत. फार आठवण येते. त्या दिवशी त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "इतकी वर्षं जपलं ते कोणासाठी गं?" म्हणाल्या, आणि अख्खी बादली माझ्या लेकीवर रिकामी केली.