दुखायची थांबलेली दाढ

माझे थोरले काका कडा गावचे बडे जमीनदार. तालुक्याच्या कचेरीत आपल्याला बसायला खुर्ची देतात, हे ते अनोळखी माणसालाही पहिल्या भेटीतच सांगत. दुसऱ्याच्या दुखण्याचं त्यांना हसू यायचं. काकूचं डोकं चढलं की "बायकांना दुखायला लई सवड" म्हणून ते पान लावायला बसत.

त्यांची स्वतःची दाढ ठणकू लागली तेव्हा मात्र घरातली दळायची जाती बंद झाली. घरघरीनं म्हणे कळ वाढायची.

गावातले झाडून सारे सल्लागार ओसरीवर जमले. कोणी लवंग दाबली, कोणी बिब्बा सुचवला. शेवटी दाढेतले किडे काढणारी बाई आली. तिनं रिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकून नळीनं धूर तोंडात सोडला आणि पाण्याच्या वाटीत पांढरे बारके किडे दाखवले. ते वाटीत आधीपासूनच नव्हते ना, असं मी विचारलं, तर काकांनी डोळे वटारले. पुढे काही दिवसांत ठणका खरंच थांबला. काकांनी बाईला लुगडं दिलं आणि वाटी आल्यागेल्याला दाखवत बसले.

पंधरवडा गेला आणि गाल असा सुजला की डोळा झाकला. अंगात ताप. मी नगरला शिकलेला, म्हणून त्यांना बैलगाडीत घालून तिकडे न्यायचं माझ्याकडे आलं. हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायानं गाडीत काय माल आहे म्हणून विचारलं. काकांना तोंड उघडेना. मीच सांगितलं, दाढ आहे.

दातांचा डॉक्टर पारशी होता. किड्यांची हकीकत त्यानं शांतपणे ऐकून घेतली.

"किडा नाही गेला, दाढेतली शीर मेली," तो म्हणाला. "मेलेली शीर दुखत नाही. आत सडत राहते."

पायानं चालवायच्या यंत्रानं त्यानं दाढेला भोक पाडलं, पू काढला, बारीक तारेनं मुळांच्या आतली घाण खरवडली आणि औषधाचा बोळा ठेवून वरून तात्पुरतं बुजवलं. काकांना फारसं दुखलंही नाही. मग त्यानं बजावलं, की काम अर्धंच झालंय. अजून दोन-तीन खेपा लागतील, मुळं कायमची भरायची, वर सोन्याची टोपी बसवायची. तोवर त्या बाजूनं कडक काही चावायचं नाही, कारण आतून कोरलेली दाढ ठिसूळ होते.

सूज उतरली आणि काकांचा आवाज परत आला. ठरल्या दिवशी मी गाडी जुंपली.

"दुखत न्हाई, तर जायाचं कावून?" ते म्हणाले.

मागच्या वेळीही दुखत नव्हतं, याची मी आठवण करून दिली. शिकलेली माणसं भित्री असतात, असा त्यांनी निकाल दिला.

मग आष्टीच्या एका लग्नात त्यांनी वऱ्हाडाला दाढेची कथा ऐकवली आणि दाढेची ताकद दाखवायला अख्खी सुपारी त्याच बाजूला घेतली. दाढ उभी चिरली. अर्धी सुपारीबरोबर हातात आली. उरलेली उपटण्यावाचून डॉक्टरलाही इलाज राहिला नाही. आणखी कितीतरी वर्षं टिकली असती, एवढंच तो बोलला. काकांनी मात्र गावभर सांगितलं, की नगरच्या डॉक्टरनं चांगली दाढ पोखरून वाया घालवली. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यातले बरेचसे त्यांचीच जमीन कसत होते.

पुढच्या उन्हाळ्यात काकूची दाढ सुरू झाली. किडेवाली आपणहून दारात आली, तिला काकूनं भाकरी देऊन वाटेला लावलं. मग मला बाजूला बोलावून म्हणाली, "मला नगरला ने. आन डाक्टर पुरं झालं म्हनेस्तोवर खेपा चुकवायच्या न्हाईत."

तिनं एकही खेप चुकवली नाही, टोपीसुद्धा बसवून घेतली. म्हातारपणी ती दातांनी ऊस सोलायची. काका शेजारी दुधात भाकरी कुस्करत बसलेले असत आणि पाहुण्यांना सांगत, की हिची दाढ मुळात तेवढी किडलेलीच नव्हती.