शाळेपुढून गेलेली मेंढरं

मेंढपाळ धुळा पोरीच्या, अपेक्षाच्या शाळेत एकदाच गेला, आणि तेवढ्यावर त्याने मनाशी सगळा निकाल लावून टाकला. वस्तीवरच्या शाळेत अपेक्षा भारी बडबडी होती. पाचवीला तासगावच्या मोठ्या शाळेत, वसतिगृहात आली आणि तिचं तोंडच मिटलं. बाईंनी बोलावलं म्हणून धुळा गेला, तर फाटकातल्या दोन पोरींनी त्याच्या घोंगड्याच्या वासाने नाक दाबलं. बाई सांगत होत्या, पोरीला धीर द्या, येत जा. पण याच्या डोक्यात ती नाकंच बसली. आपल्यापायी पोर खाली मान घालते असं त्याने धरलं आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. फोनवर बायको हरणाबाई बोलायची. हा बाजूला कोकरं पाजत बसायचा. लांब राहण्यालाच हा बाबा माया समजत होता.

दिवाळीनंतर मेंढरं नदीकाठाकडे निघाली. अपेक्षाने आईला विचारलं, शाळेवरून कवा जाणार? धुळाला वाटलं, पोरीला त्या दिवशी लपायचं असणार.

रस्ता तोच एक. शाळा दिसली तसा त्याने पटक्याचं टोक तोंडावर ओढलं. फाटकाशी पाचसहा पोरी उभ्या होत्या, मधे अपेक्षा.

"आबा," तिने हाक मारली. मग आणखी एकदा, जरा हळू.

धुळाने मेंढरांना हाळी दिली आणि पाय उचलला. आपण पोरीची लाज राखली, असंच शहाण्याला वाटत होतं.

हरणाबाई बिऱ्हाडाचं घोडं घेऊन मागून येत होती. ती पोचली तोवर पोरी आत गेल्या होत्या; बाईंनी तिला फाटकावर थांबवून सगळं सांगितलं. वर्गात प्रत्येकीला आपल्या घराविषयी बोलायला लावलं होतं. अपेक्षा पहिल्यांदाच उभी राहिली आणि कोकरांची नावं, आबाची शीळ, लांडगा आलेली रात्र, सगळं सांगत सुटली. पोरींना ती मेंढरं आणि तो आबा बघायचा होता. नाक दाबणाऱ्या दोघीही आल्या होत्या.

मुक्कामावर हरणाबाई म्हणाली, "पोरगी हौसंनं तुमाला दावाय उभी हुती. अन् तुमी तोंड झाकलं."

धुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाकरी तशीच राहिली.

सकाळी तो चालत शाळेत गेला. अपेक्षा व्हरांड्यात आली, पण जवळ आली नाही.

"माझं चुकलं, बाय. चल, त्या पोरींस्नी भेटतो."

ती नखाने खांबाचा रंग खरवडत राहिली. "आता नगं, आबा. पोरी म्हनल्या, तुजा बाप तुला वळखत न्हाई व्हय? मग मी सांगितलं, त्यो दुसराच कुनी हुता." आणि मधली सुट्टी व्हायच्या आत मागच्या फाटकाने जा, असंही तिनेच सुचवलं.

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. पण तो हलला नाही. घंटा झाली, पोरी बाहेर आल्या, तेव्हा तो त्यांच्यापुढे उभा राहिला.

"काल त्यो मीच हुतो," तो म्हणाला. "तिनं हाक मारली, म्या ओ दिली न्हाई. माज्यापायी पोर खोटं बोलली."

पोरी अपेक्षाकडे वळून बघू लागल्या. अपेक्षा मात्र अजून खांबाकडेच बघत होती.