सावलीच्या काड्या

आमच्या भाडेकरू मास्तरांनी अंगणात पोरींकडून रोवून घेतलेल्या पऱ्हाटीच्या काड्या मी एका दिवाळीत उपटल्या आणि पाणी तापवायला बंबात घातल्या. वर सडा टाकून ठसक्यात रांगोळीही काढली. तेव्हा पन्नाशीची होते, पण अक्कल अजून माहेरीच राहिली होती. नातवंडांना हे अजून सांगितलेलं नाही.

मास्तर एकटेच. दारव्ह्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या पोरींना अंतराळ विज्ञानाच्या वाटेला लावायचे. बोलता बोलता थांबून वर बघत, जणू पुढचं वाक्य तिथे लिहिलंय. दर रविवारी बरोबर बाराला पोरी अंगणातल्या खांबाच्या सावलीच्या टोकाशी एक काडी रोवत. वर्ष भरलं की मापं घेऊन प्रकल्प निवडीसाठी बंगलोरला जायचा होता. आधी निवड होऊन तिकडे गेलेल्या पोरी पहिल्या दिवाळीला फोन करत. पुढच्या दिवाळ्यांना मास्तर फोन ताटाशेजारी ठेवून जेवत.

रिकामं अंगण पाहून पोरी रडतच घरी गेल्या. सगळं पुन्हा पहिल्या काडीपासून.

मी म्हटलं, "मास्तर, मले शिव्या तरी द्या!"

ते खाली बघत म्हणाले, "काकू, पोरींचं लय वाईट झालं. पण त्या अजून एक वर्ष अंगणात येतीन, म्हनून मले बरं वाटून राह्यलं. त्याईले सांगू नका."