दाराशेजारचा एकचा आकडा

मंडळी, आज सकाळी भेस्तानच्या माझ्या फ्लॅटवर मलेरियाच्या सर्व्हेवाली मुलगी आली. तिने गुजरातीत विचारलं, "बा, घरमां केटला जण?" म्हटलं, "मी एकटीच." तिने दाराशेजारी खडूने तारीख लिहिली, खाली एकचा आकडा टाकला. मी चहाचं विचारेपर्यंत ती जिना उतरलीसुद्धा.

नव्वदच्या दशकात इथल्याच लिंबायतच्या वस्तीत मी हेच काम करायचे. खडूची खूण म्हणजे आम्ही येऊन गेल्याचा पुरावा. खूण नसली की साहेब म्हणायचे, तुम्ही गेलाच नाहीत.

मग शहरात हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. त्यानंतर पहिल्यांदा वस्तीत गेले, खडू काढला, तर एका बाईने माझं मनगटच धरलं. "दीदी, दीवार पे कुछ मत लिखो." पलीकडच्या गल्लीत आमच्या खानदेशातली बाई, तीही तेच म्हणाली, "भितवर काही नको लिखू, बाई." घरात कोण, किती, हे बाहेरून कळायला नको होतं कोणालाच. मी खडू पर्समध्ये टाकला. साहेबांची बोलणी खाल्ली, पण त्या भिंतींवर पुन्हा लिहिलं नाही.

आज तो आकडा बघून त्या बायकांची भीती माझ्या अंगावर आली. आत म्हातारी एकटी आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कशाला कळायला हवं? ओलं फडकं घेऊन बाहेर गेले.

तुम्ही पुसलं असतं का? मला नाही जमलं. माझ्याकडे कोणीतरी येऊन गेल्याचा तेवढाच पुरावा आहे.